टोबिन जेवतोय, पण सापडत नाही

अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाच्या पोलीस चौकीत पिस्तूल सगळ्यांच्याच कमरेला असतं, पण पोर हरवलं म्हटलं की सगळे व्हर्ला स्टकीकडे बघतात. सार्जंट होण्याआधी ती शाळेची बस चालवायची. आवाज अजून तसाच आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. वायरलेसवर मी बसतो, त्यामुळे माझे कान गेल्यात जमा आहेत.

हरवलेली पोरं बहुतेक वेळा मैत्रिणीकडे झोपलेली सापडतात, नाहीतर फोन कुठेतरी विसरलेली. व्हर्ला त्यांचे कान उपटते आणि आईला फोन लावून देते. पण कुठल्याही आईला ती ‘काळजी करू नका’ म्हणत नाही. आम्हाला म्हणते, “करणारच ना! आई आहे ती.”

मार्चमध्ये गेल आल्स्ट्रॉम नावाच्या बाईंचा फोन आला. मुलगा टोबिन रविवारपासून फोन घेत नव्हता. आमच्या लेफ्टनंटसाहेबांनी संगणकात त्याचं ओळखपत्र तपासलं. त्याच कार्डावर आमच्याकडे मेसमध्ये जेवण मिळतं. टोबिन दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होता. साहेब खूश! “बाई, मुलगा मस्त हादडतोय. रुसला असेल तुमच्यावर.”

“पोरगा जेवतोय की कार्ड जेवतंय?” व्हर्लाने विचारलं आणि ती थेट मेसच्या दारात जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने टोबिनचं कार्ड आलं. ते धरून होता त्याचा खोलीतला जोडीदार, डेझमंड. ताटात पिझ्झाचा डोंगर.

“नाव काय रे तुझं?”

“ट... टोबिन.”

“असं? फोटोत तर तुझे केस लालभडक आहेत.”

“आठवड्याची जेवणं उरली की फुकट जातात हो, म्हणून...”

“म्हणून तू जेवतोस, आणि तिकडे त्याची आई समजते की पोरगा जेवतोय. तो आहे कुठे?”

डेझमंडने ताट खाली ठेवलं. टोबिन कॉलेज सोडून गावाबाहेरच्या गुरांच्या बाजारात कामाला लागला होता. कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने शपथ घातली होती. व्हर्लाने तिथूनच गाडी काढली.

तोवर गेलबाई आपल्या शेतावरून गाडी हाणत चौकीत येऊन बसल्या होत्या. वायरलेसवर व्हर्ला गरजली, “सापडला! धडधाकट आहे!” मी ते बाईंना सांगितलं आणि आम्ही दोघंही रडलो. मला काही लाज वाटली नाही.

व्हर्ला परत आली ती टेबलापलीकडे न जाता बाईंच्या शेजारी बसली. “मी त्याला डोळ्यांनी पाहिलाय. बोललेय त्याच्याशी. पण तो सज्ञान आहे, आणि कुठे आहे ते सांगू नका म्हणालाय. कायद्याने मला सांगता येत नाही.”

“अहो, मी जन्म दिलाय त्याला!”

“माहीत आहे, बाई.”

गेलबाई काही बोलणार, तेवढ्यात थांबल्या. त्यांनी हवा हुंगली. मग व्हर्लाच्या बुटांकडे पाहिलं. बूट शेणाने माखले होते, आणि आमच्या आसपास गुरांचा बाजार एकच. जन्म गुरांमध्ये गेलेली बाई ती, तिला आणखी काय सांगायचं! गाडीची किल्ली उचलून त्या ताडकन उभ्या राहिल्या.

“बूट पुसायचे तरी,” मी पुटपुटलो.

“घाईत होते,” व्हर्ला म्हणाली.

बाई दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“मी येऊ नये, असंच म्हणाला ना तो?”

व्हर्लाने बूट खुर्चीखाली सरकवले.

“नापास झाला असणार. सगळ्या गावाला मीच सांगत सुटले होते, पोरगा गुरांचा डॉक्टर होणार म्हणून.” बाई परत येऊन बसल्या. किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. “मी जात नाही. तुम्ही त्याला एवढंच सांगा, गावाला सांगायचं काम माझं. त्याला कुणापुढे तोंड उघडावं लागणार नाही.”

व्हर्ला पुन्हा गेली. या खेपेला वायरलेस गप्प होता. उन्हं कलायच्या आत गाडी दारात थांबली. मागच्या दारातून लाल केसांचा एक पोरगा मान खाली घालून उतरला. गेलबाई धावल्या नाहीत. त्या जागेवरच सरकल्या आणि शेजारची खुर्ची त्यांनी त्याच्यासाठी रिकामी केली.