तिन्ही गिटारींचा एकच आवाज

माझ्याकडे तीन इलेक्ट्रिक गिटारी आहेत आणि तिन्हींचा आवाज एकच आहे. सांगलीत आमच्या धंद्यातली माणसं यावरून माझी टिंगल करतात. आमच्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला तर भर कार्यक्रमात माइकवरून म्हणायचा, "पावनं, ह्यांच्या दावणीला तीन म्हशी हायत, पर दूध एकाच चवीचं!" लोक हसायचे. मीही हसायचो. खरं कारण सांगता येत नव्हतं.

कारण दादा. माझा थोरला भाऊ.

दादा फौजेत तोफखान्यात होता. मला पहिली गिटार त्यानंच एका सुट्टीत आणून दिली. निवृत्त झाल्यावर तो आमच्या ऑर्केस्ट्रात मिक्सरवर बसला. कुणाचा आवाज किती ठेवायचा हे तो ठरवायचा आणि फार नेमकं ठरवायचा. मिक्सरच्या प्रत्येक बटणाशेजारी त्यानं वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. बटण ठिपक्यावर आणलं की आवाज बसलाच.

मग त्याचे कान जायला लागले. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी ऐकू येईना. मोबाइल वाजला की वहिनी उचलून त्याच्या हातात द्यायची. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "मला काय झालंय? तुमीच हळू बोलताय." मिक्सरवर मात्र त्याचं अडत नव्हतं, कारण ठिपके होते. ते त्याचे कान चांगले असतानाचे होते.

गिटारीच्या तारांखाली पिकअप असतं. चुंबकावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. गिटारीचा आवाज जाड की टोकदार, ते बरंचसं तेच ठरवतं. माझ्या पहिल्या गिटारीत हमबकर होतं, दुहेरी वेढ्यांचं, जरा घोगरं. ठिपके त्याच्या मापाचे. पुढं दोन गिटारी वाढल्या, एक गायिकेच्या पट्टीसाठी सूर खाली उतरवलेली, एक तार तुटली तर हाताशी असावी म्हणून. दोन्हींत सिंगल कॉइल होतं, एकेरी, टोकदार. हमबकर रुंद असतं, म्हणून मी मिरजेला जाऊन लाकूड कोरून घेतलं आणि दोन्हींत तेच बसवलं. दुकानदार हळहळला. "आवं, तीन गिटारी हायत तर तीन आवाज ठेवा की. चांगल्या लाकडाचं वाटोळं करताय."

"सारखंच पायजे," मी म्हणालो.

अशी बरीच वर्षं काढली. मी फार बोलणारा माणूस नाही. 'दादा, तुला ऐकू येत नाही' एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. ते वाक्य निघालं असतं तर दादाची मिक्सरवरची जागा गेली असती आणि त्याच्याकडे दुसरं काही उरलं नसतं.

गेल्या लग्नसराईत मी तिसऱ्या गिटारीत पुन्हा सिंगल कॉइल बसवलं. सगळ्यांना सांगितलं, जरा आवाजात बदल. पलूसला हळदीचा कार्यक्रम होता. दादानं नेहमीप्रमाणं बटणं ठिपक्यांवर आणली. घोगऱ्या हमबकरसाठी ट्रेबलचा, म्हणजे बारीक टोकदार आवाजाचा, ठिपका बराच वर होता. मी तिसरी गिटार गळ्यात अडकवली आणि पहिल्याच सुराला स्पीकर किंचाळला. पोरांनी कान झाकले. नवरीचा मामा ओरडला, "आरं, कान फोडतोस का काय रं!"

मी दादाकडे पाहिलं. त्यानं हसून अंगठा वर केला. झकास.

माझ्या करंगळीखाली गिटारीचं टोनचं बटण होतं. ते जरा फिरवलं असतं तरी सगळं सावरलं असतं. मी फिरवलं नाही. वाजवत राहिलो.

आमच्यात वायरी ओढायला येणारा कीबोर्डवाल्याचा मेहुणा धावत गेला आणि त्यानं ट्रेबल खाली ओढलं. दादानं त्याचा हात झटकून बटण पुन्हा ठिपक्यावर नेलं. त्यानं परत ओढलं, दादानं परत चढवलं. मग दादाची नजर मांडवात गेली. सगळ्यांचे हात कानांवर. तो सावकाश उठला आणि टेम्पोत जाऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी मी मिरजेला जाऊन हमबकर परत बसवून आणलं. तिन्ही गिटारी घेऊन दादाच्या घरी गेलो. तो घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता.

"तिन्ही परत सारख्या केल्यात. ठिपकं हायत तसंच हायत. खंडाळ्याचं काम घेतलंय, चल."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "इतकी वर्सं सारख्या का ठेवल्यास?"

मी गिटारीच्या पिशवीची चेन लावू लागलो.

"मला वाटायचं, मी लावलेला आवाज तुला आवडतुय, म्हणून तू बदलत न्हाईस."

तेव्हा मी बोललो. "दादा, तुला ऐकू येत न्हाई."

"आं?"

पुन्हा बोललो.

"मोठ्यानं बोल की गड्या."

मग मी ओरडलो. जे वाक्य कुजबुजायचीही हिंमत नव्हती, ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आणि सुटलोच आहे तर पुढचंही ओरडलो. पलूसला मी ते मुद्दाम केलं. मला सांगवत नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणालातरी कळू दिलं. चार लोकांत.

दादानं गिटारींच्या पिशव्यांकडे पाहिलं. "येवढं लाकूड कोरलंस," तो म्हणाला, "त्यापरास तवाच ओरडला असतास." आणि उठून आत गेला.

तो खंडाळ्याला आला नाही. नंतरही कुठं आला नाही. फोन तो उचलत नाही. वहिनी उचलते आणि 'झोपल्यात' म्हणते. मिक्सरवर आता मेहुणा बसतो. त्याला ठिपके लागत नाहीत, तो कानानं लावतो आणि चांगला लावतो. परवा म्हणाला, "आवं, आता तरी येका गिटारीत दुसरं पिकअप टाका. मी हाय की."

नको म्हणालो. ठिपकेही पुसू नकोस म्हणालो. प्रत्येक कार्यक्रमाला मिक्सरशेजारी मी एक जादा खुर्ची मांडतो आणि वाजवताना तिकडे बघत राहतो. दादा आलाच, तर बटणं ठिपक्यावर आणल्यावर आवाज बसायला पाहिजे.