चाळीस इंची कोट

आमच्या पंतनगरच्या वसाहतीत अंबादासला ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो काल राहायला आलेला भाडेकरू समजावा. तीस वर्षं अंबादास महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. माणसाएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उघडून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि त्या गल्लीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. रोजचं दहा-बारा किलोमीटर चालणं व्हायचं. आणि या तीस वर्षांत तो पासष्ट किलोंचा अठ्ठ्याण्णव किलो झाला. चालल्याने माणूस बारीक होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या अंबादासकडे एकदा बघून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण माझं म्हणणं ऐकतो कोण?

मी त्याच्या समोरच्या दारात राहतो. माझं वजन बावन्न किलो. मी दोन वेळा पोटभर जेवतो, मधल्या वेळेला चिवडा खातो, आणि काहीही अंगी लागत नाही. त्यामुळे त्याला माझा राग येतो आणि मला त्याचा. पस्तीस वर्षांची आमची मैत्री या रागावरच टिकून आहे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर अंबादासचं दुसरं काम जोरात सुरू झालं. तो बौद्धाचार्य आहे, म्हणजे आमच्याकडची लग्नं लावतो. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. त्रिसरण-पंचशील म्हणायला लागला की मांडवातली पोरंसुद्धा गप्प बसतात. आजवर त्याने दोनशे चौदा जोडप्यांना प्रतिज्ञा दिल्या आहेत आणि हा आकडा तो न विचारता सांगतो. दिलेला शब्द मोडायचा नाही, हे तो प्रत्येक नवरदेवाला बोट रोखून बजावतो. ते बोट पुढे सगळ्या घोटाळ्याला कारण झालं.

डिसेंबरात त्याच्या मुलीचा, सपनाचा साखरपुडा झाला. अंबादास वंदना म्हणून खाली बसला आणि मग त्याला उठताच येईना. एक हात जमिनीला लावला, दुसरा लावला, गुडघ्यावर आला, आणि तेवढ्यात झब्बा पाठीवर वरपासून खालपर्यंत टर्रकन उसवला. शेवटी मुलाच्या दोन मामांनी काखेत हात घालून त्याला उभा केला. त्यातला एक मामा नंतर बराच वेळ कंबर धरून बसला होता. कोणी हसलं नाही, आणि त्याचंच अंबादासला जास्त लागलं.

घरी आल्यावर त्याने आम्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं, "एप्रिलात सपनाचं लग्न मी स्वतः लावणार. पांढरा जोधपुरी कोट घालून. आणि तो कोट चाळीस इंची असणार."

"आत्ता किती आहे पोट?" मी विचारलं.

"आत्ताचं सोड रे! दोनशे चौदा जोडप्यांना शब्द पाळायला सांगितलंय मी. माझा मी मोडणार काय?"

सबंध वसाहतीत ही बातमी दुसऱ्या दिवशी दुधाच्या आधी पोचली. आता कोट झाला नसता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

एक जानेवारीला तो मला घेऊन कुंडलिककडे गेला. कुंडलिकचं शिलाईचं दुकान आमच्याच जिन्याखाली आहे. त्याच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे तो बोलत नाही, आणि गिऱ्हाईक सांगेल ते वहीत लिहितो. त्याने टेप लावली आणि चव्वेचाळीस लिहिलं.

"चाळीस लिही," अंबादास म्हणाला.

कुंडलिकने टाचण्या हातात काढल्या. "चव्वेचाळीस भरलंय."

"आज भरलंय. लग्न आज आहे काय?"

कुंडलिकने चाळीस लिहिलं. कापड मार्च संपताना कापतो, एवढंच म्हणाला आणि टाचण्या परत तोंडात ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला आमचं बागेत चालणं सुरू झालं. आमचं म्हणजे त्याचं. त्याच्या सोबतीला मला उठावं लागायचं, आणि माझंच वजन महिन्याभरात दीड किलो उतरलं. त्याचं का उतरलं नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बागेत शिरलो की दहा पावलांवर कोणीतरी भेटायचं. "जय भीम, आचार्य!" अंबादास थांबायचा, दोन्ही हात जोडून "जय भीम" म्हणायचा. चालता चालता जय भीम घालणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. मग समोरचा पोराच्या लग्नाची तारीख विचारायचा. मग हॉल कुठला, पाहुणे किती. तेवढ्यात त्याची बायको थर्मास काढायची. तासाभराच्या चालण्यात आमचं चालणं वीस मिनिटं व्हायचं आणि चहा तीन कप.

"अरे, निदान बिनसाखरेचा तरी मागत जा ना," मी एकदा वैतागून म्हणालो.

"एवढ्या प्रेमाने आणलेला चहा, त्यात खोड काढू?"

आणि रविवारी लग्नं. एकेका रविवारी दोन-दोन. लग्न लागलं की यजमान ओरडणार, "आधी आचार्यांना वाढा!" पुरी, मटार-पनीर, मसालेभात, बुंदी, वर जिलेबी. अंबादास एका ठिकाणचं जेवण संपवून दुसऱ्या ठिकाणी जायचा आणि तिथेही जेवायचा, कारण पहिल्या घरी जेवलो आणि दुसऱ्या घरी नाही, हा भेदभाव झाला असता. समतेचा एवढा कडक अंमल मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

फेब्रुवारीत मी त्याला केमिस्टच्या दुकानातल्या वजनकाट्यावर उभा केला. नव्व्याण्णव पूर्णांक एक.

"पायात बूट आहेत ना," तो म्हणाला.

बूट काढले. नव्व्याण्णव.

"फरशी वाकडी आहे या केमिस्टची."

मी हात टेकले. घरातल्या विजारी घट्ट व्हायला लागल्या होत्या, तर म्हणे मीराने साबण बदलल्यापासून कपडे आटायला लागलेत. मीरा म्हणजे त्याची बायको. ती बिचारी कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

मला त्या रात्री झोप येईना. डोळ्यांसमोर सारखं एकच, भर मांडवात अंबादास प्रतिज्ञा देतोय आणि कोटाची बटणं एकेक करून मुलाच्या मामांवर उडताहेत. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना मी खाली उतरलो. "कुंडलिक," मी म्हणालो, "त्याचं माप दोन इंच वाढव. कुणाला सांगू नकोस." कुंडलिकने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. मला हलकं वाटलं. बेचाळीसही त्याला झाला नसता, पण श्वास रोखून धरला तर निदान लग्न लागेपर्यंत टिकला असता.

लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा कोट आला. मीरा, सपना आणि मी खोलीत उभे होतो. अंबादासने हात घातले, बटणं लावली. कोट त्याच्या अंगावर चक्क लोंबत होता. पोटापाशी अख्खी मूठ आत जात होती. खांदे तेवढे बरोबर बसले होते.

मी मनात म्हटलं, मी तर दोनच इंच सांगितले होते. मी मीराकडे बघितलं. मीरा सपनाकडे बघत होती. सपना खिडकीबाहेर बघत होती, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"अन्या," अंबादास आरशासमोर कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते. "चाळीसच्या खाली गेलो रे मी!"

मग काय, वाट लागली आमची. त्याने कोट घालून चारही मजल्यांवर फेरी मारली. दार वाजवायचा आणि कोटात मूठ घालून दाखवायचा. चालण्याचे फायदे या विषयावर जिन्यात उभं राहून त्याने दोनदा भाषण केलं, आणि तळमजल्यावरच्या सुगंधाबाई दुसऱ्याच दिवशी नवे बूट घेऊन आल्या. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण संध्याकाळी तो गंभीर चेहरा करून माझ्याकडे आला.

"अन्या, या वयात एवढं झपाट्याने उतरणं बरं नव्हे. अशक्तपणा जाणवतोय. आणि कोट असा ढगळ दिसला, तर मुलाकडचे काय म्हणतील? जरा भरून यायला पाहिजे मला."

आणि तो भरून यायला लागला. घरात लग्नाचे लाडू होतेच. नाश्त्याला चार, दुपारी चार, झोपताना दुधासोबत दोन. चालणंही बंद. चालल्याने आणखी उतरलं असतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मीराने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. सपनाही तिथेच होती.

"भावोजी, खरं सांगा. कुंडलिककडे गेला होता?"

"दोन इंच," मी कबूल केलं. "आणि तुम्ही?"

"तीन," मीरा म्हणाली. "मापाचा आकडा ऐकून माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

"दोन," सपना म्हणाली आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "काका, पप्पांना सांगायचं कसं पण? किती खूश आहेत ते."

आम्ही एकमेकांना "तू सांग", "तुम्ही सांगा" करत राहिलो. बाहेरच्या खोलीत अंबादास पाचवा लाडू फोडत होता.

शेवटी कोणालाच सांगावं लागलं नाही. लग्नाच्या आदल्या दुपारी तो कोट हातावर घेऊन खाली निघाला. चालण्याचा पुरावा दाखवतो म्हणून वसाहतीतल्या पाच-सहा जणांना घेऊन तो केमिस्टकडे गेला आणि सगळ्यांसमोर काट्यावर चढला. एकशे एक पूर्णांक आठ. तो खाली उतरला. बूट काढून पुन्हा चढला. या वेळी फरशीबद्दल काही बोलला नाही. बूट तसेच हातात घेऊन अनवाणी तडक कुंडलिकच्या दुकानात गेला. मीरा, सपना आणि मी त्याच्या मागे धावलो.

"कुंडलिक, हा कोट किती इंची आहे?"

"एकोणपन्नास."

"मी किती सांगितला होता?"

कुंडलिकने टाचण्या काढून उशीला टोचल्या, वही उघडली आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली. "मूळ चाळीस. मीरावहिनींनी तीन वाढवले. सपनाने दोन. अनिरुद्धकाकांनी दोन. मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल."

मीरा छताच्या पंख्याकडे बघायला लागली. अंबादास स्टुलावर बसला. मला वाटलं ओरडेल, पण त्याचा तो खणखणीत आवाज पार बसून गेला होता.

"म्हणजे एकालाही वाटलं नाही की मी करेन? बायकोला नाही, पोरीला नाही. अन्या, तू रोज माझ्याबरोबर चालत होतास ना रे? चालता चालता मनात हेच होतं तुझ्या?"

मला खरंच शरमल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांत त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं. सपनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्याने तो झटकला नाही, पण धरलाही नाही. वसाहतीतली माणसं दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

सपना आमची बँकेत आहे. रडत असली तरी बेरीज सुटत नाही तिच्या डोक्यातून.

"कुंडलिककाका," ती नाक पुसत म्हणाली, "चाळीस आणि तीन, दोन, दोन. सत्तेचाळीस होतात. तुम्ही एकोणपन्नास म्हणालात."

कुंडलिकने वहीत बघितलं. मग अंबादासकडे बघितलं. अंबादासला एकाएकी समोरच्या फळीवरच्या दोऱ्याच्या रिळांमध्ये फार गोडी वाटायला लागली.

"दोन यांचे स्वतःचे," कुंडलिक म्हणाला. "सगळ्यात आधी हेच आले होते. पाच जानेवारीला. म्हणाले, वाढव, पण घरी बोलू नकोस."

"पाच जानेवारी!" मी ओरडलो. "चालायला लागून चार दिवस झाले होते रे आपल्याला!"

सगळ्यात आधी मीरा फुटली. मग दारातली माणसं. सपना तर कापडाच्या ठाणावर कोसळलीच. अंबादासने थोडा वेळ तोंड घट्ट मिटून धरलं, मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि ते हलायला लागल्यावर स्टूल, स्टुलाशेजारची शिलाई मशीन आणि मशीनवरची कात्री, सगळंच हलायला लागलं.

"चौथ्या दिवशी गुडघा दुखला रे," तो डोळे पुसत म्हणाला. "वाटलं, आपल्याच्याने होत नाही हे."

बऱ्याच वेळाने कुंडलिकने विचारलं, "मग आता कितीचा करू? उद्या सकाळी लग्न आहे."

अंबादास उठला, या वेळी कोणाच्या मदतीशिवाय, आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. "मोज. आणि भरेल ते मोठ्याने म्हण. दारातल्यांना पण ऐकू जाऊ दे."

कुंडलिकने टेप लावली. "सेहेचाळीस."

"लिही," अंबादास म्हणाला. मग क्षणभर विचार केला. "अर्धा इंच जास्त धर. उद्या जेवण आहे."