सरज्या बसला आणि विमान उतरलं

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. माझ्या लिहिण्यात चूक निघाली तर खुशाल हसा, पण जे घडलं त्यात चूक काढू नका. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या बेल्याकडं, म्हणजे आमच्या गावी, पोळ्याला मारुतीच्या पारापुढं तोरण बांधतात. त्याच्याखालून ज्याची बैलजोडी पहिली जाते, त्याचा मान. हा मान आजोबापासून आमच्या घरात. यंदा मंदिराच्या मंडळानं चिठ्ठ्या टाकल्या आणि मान निघाला सुदामरावाचा. सुदामराव माझा इवाई, म्हणजे लेकीचा सासरा. वर मलाच म्हणतो, "इवाई, मांगून या. शेण तुडवा लागंल थोडं, पण या."

मला ते फार झोंबलं. जन्मभर शनिवार धरला, मारुतीला तेल वाहिलं, आणि चिठ्ठी काढायच्या वेळी त्याला माझं नाव आठवलं नाही? देव खरंच आहे का, अशी शंका मनात शिरली. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत; त्याला रंगवतात, पुरणपोळी चारतात. मी रागारागानं माझ्या बैलांना, सरज्या-पवळ्याला, तसंच बिनरंगाचं तण काढायचा डवरा ओढायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात घेऊन निघालो. म्हातारी, माझी बायको, दारात आडवी आली. "अवो, सणाच्या दिवशी बैल जुपता? देव पाहून राह्यला!"

"पाहू दे," म्हटलं, "चिठ्ठी काढतानी कुठं पाहत होता?"

वावराच्या धुऱ्यावर, बांधावर पोचलो आणि सरज्या मटकन खाली बसला. दोर ओढला, शेपूट पिरगाळली, शिव्या दिल्या. "काऊन बसला बे? तू बी मंडळात गेला काय?" तो रवंथ करत राहिला. हट्टी मीही आहे, पण त्या दिवशी त्यानं मला हरवलं.

तेवढ्यात वरून इंजिनची फटफट आली, आणि मधेच बंद पडली. मान वर केली तर जीपेएवढं पांढरं विमान बाभळीचे शेंडे घासत खाली येत होतं. माझ्या पऱ्हाटीत उतरलं, काळ्या मातीत चाकं रुतली आणि उलथून पाठीवर पडलं. सरज्या उठला असता तर मी ज्या ओळीत डवरा धरून चाललो असतो, बरोबर त्याच ओळीत. मी धुऱ्यावरच उभा होतो. सरज्याचं रवंथ करणं चालूच.

धावलो. आत एक जाडजूड साहेब पट्ट्यात अडकून उलटा लोंबकळत होता. पेट्रोलचा वास येत होता. दार वाकलेलं, माझ्या एकट्याच्यानं हलेना. दोनदा घसरून चिखलात पडलो. तेव्हा मी ओरडलो, "मारुतीराया, चुकलं! मान सुदामचाच, जा! पण एक माणूस धाड!"

आणि माणूस आला तो सुदामराव. मिरवणुकीतून विमान पडताना पाहून सगळ्यांच्या आधी हाच पळत आला होता, फेटा सुटून गळ्यात. "इवाई, मांगं व्हा!" म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा मी मुकाट्यानं मागं झालो. त्यानं दार उपटलं, मी कमरेच्या विळ्यानं पट्टा कापला. साहेब धप्पकन आम्हा दोघांवर पडला.

"चाचा, मैं ज़िंदा हूँ?"

"हाँ, साब," सुदामराव खालून म्हणाला, "लेकिन हम मरेंगे. उठो."

साहेबाचा एक हात मोडला होता, बाकी खरचटलं होतं. गावातल्या पोरांनी त्याला दवाखान्यात नेलं. आम्ही धुऱ्यावर आलो तर सरज्या आपणहून उठून उभा होता. सुदामराव म्हणाला, "इवाई, आज तुमीच पुढं चाला." खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. पण मिरवणूक खोळंबली होती त्या पारापाशी सरज्या बाजूला थांबला, त्यानं गावातली सगळी जनावरं पुढं जाऊ दिली. मी दोर ओढला नाही. बिनरंगाची जोडी घेऊन, शेण तुडवत, सगळ्यांत शेवटी तोरणाखालून गेलो, आणि मारुतीपुढं मला रडू आलं.

मारुतीला विमान उतरवायचं होतं की मला माझ्या ताठ्यावरून, ते मी विचारत नाही. त्यानं माणूस वाचवला, मला वाचवलं, इवाई परत दिला. आता दोर माझ्याच हातात असतो, पण सरज्या बसला की मीही त्याच्या शेजारी गुपचूप बसतो.