गरगऱ्याच्या पिंजऱ्यातलं खोकं

तिला सगळे कात्री म्हणत. आयुष्यभर नवऱ्याच्या जोडीने सोफे शिवले म्हणून हे नाव पडलं, असं तिचं म्हणणं. तिच्या बोलण्याचा प्रसाद मिळालेल्यांचं म्हणणं वेगळं होतं. दुकान बंद झालं, हात स्वस्थ बसेनात, म्हणून तिने प्राण्यांच्या निवाऱ्यात पिंजरे धुण्याचं काम धरलं.

"या वयात कुत्र्यांची घाण काढणार?" नणंदेने नाक मुरडलं.

"माणसांची काढून झाली," कात्री म्हणाली आणि पायात रबरी बूट चढवले.

निवारा लखलखीत स्वच्छ होता. दोन्ही बाजूंना लोखंडी पिंजरे, उताराची फरशी, मधून वाहतं गटार आणि नाकात बसणारा फिनेलचा वास. प्रत्येक पिंजऱ्यात एक पाण्याचं भांडं, एक खाण्याचं आणि एक कुत्रा. बस्स. मांजरांच्या खोलीतही तोच प्रकार: स्टीलचे कप्पे आणि त्यांत भिंतीकडे तोंड करून बसलेली मांजरं, जणू साऱ्या जगाशी अबोला धरलेली.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात कान फाटलेला एक तपकिरी कुत्रा होता. तो दिवसभर स्वतःभोवती फिरायचा, म्हणून त्याचं नाव गरगऱ्या. पंजे सोलवटून फरशीवर रक्ताचं वर्तुळ उमटायचं. कात्री ते धुवायची आणि जेवून परत येईतो नवं उमटलेलं असायचं.

"याला काहीतरी औषध द्या हो," तिने निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं.

"मलम देतेच आहे. पण दुखणं पायाचं नाही. तुम्हाला एखाद्या मोरीत कोंडलं, वेळेवर जेवण दिलं आणि करायला काही म्हणता काही दिलं नाही, तर काय कराल?"

"दार फोडीन."

"त्यानेही तेच करून पाहिलं, आता गोल फिरतो. कुत्र्याला शोधायला, फाडायला, चघळायला काहीतरी हवं. मांजराला लपायला आडोसा हवा आणि चढायला उंची. कमिटीला सांगून माझा घसा बसला."

कात्रीचा घसा तसा लवकर बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी ती एक खोकं घेऊन आली. त्यात चुरगळलेले कागद कोंबले, मधेमधे गरगऱ्याच्या वाट्याचं सुकं खाणं पेरलं आणि खोकं आत सरकवलं. गरगऱ्या आधी त्याच्यावर भुंकला. मग मान लांब करून हुंगलं. मग नाक आत खुपसलं आणि जे काही सुरू केलं, त्यात खोक्याच्या चिंध्या झाल्या. शेवटी त्याच चिंध्यांत तो चारी पाय सोडून आडवा झाला आणि घोरू लागला. त्याला आडवं झालेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. ती झाडू टेकवून बघतच राहिली.

मग काय, बाईच्या अंगात आलं. मांजरांच्या कप्प्यांत दोन दारांची खोकी गेली. बाहेरच्या मैदानातलं गवत टोपलीभर आलं, नुसतं हुंगण्यासाठी. जुने टॉवेल गाठी मारून, आत खाऊ लपवून वाटले गेले. घरीही धाड पडली.

"अहो, ती खाकी पँट द्या."

"अगं, अंगात आहे माझ्या!"

"मग काढा."

निवारा चालवणारे कमिटीचे चिटणीस हे बघून हबकलेच. माणूस वाईट नव्हता. मागे एकदा इथे साथ आली होती आणि पिल्लांची अख्खी खोली रिकामी झाली होती. ती पिल्लं त्यांनी स्वतःच्या हाताने पुरली होती. तेव्हापासून कापड, कागद, लाकूड, जे फिनेलने पुसून घेता येत नाही ते सगळं बंद.

"बाई, हे आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

"कापड मी रोज उकळते. खोकी रोज फेकते. घाण दिसली तर बोला."

"मी नियम सांगतोय."

"आणि मी कुत्रा दाखवतेय. बघा त्याचे पंजे."

त्यांनी पंजे बघितले नाहीत. स्वतः वाकून खोकी काढली आणि कात्रीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ती आलीच. कामावर नाही, पाहुणी म्हणून. दुपारी निवारा लोकांसाठी उघडत असे, तेव्हा घरचं स्टूल घेऊन ती गरगऱ्यासमोर ठाण मांडून बसली आणि त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. लग्नाच्या जाहिराती तिने खास ठसक्यात वाचल्या. "बघ रे, गोरी पाहिजे म्हणतोय, स्वतःचा फोटो मात्र दिला नाही." गरगऱ्या फिरता फिरता थबकायचा, कान टवकारायचा. बघणाऱ्यांनी विचारलं, हे काय? तिने खणखणीत आवाजात, चिटणिसांच्या खोलीत ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. रोज. हळूहळू आणखीही माणसं स्टुलं घेऊन येऊ लागली. चिटणिसांना काही करता येईना, बसू नये असा नियमच नव्हता.

शेवटी ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुम्हाला काय वाटतं, मी यांचा शत्रू आहे? यांना जगवण्यासाठी जिवाचं रान करतो मी."

"जगतात हो ते. तुमच्यामुळेच जगतात. पण जगून करतात काय?"

चिटणिसांनी वाकून गरगऱ्याचे पंजे पाहिले. मग म्हणाले, "पिंजऱ्यांची मागची एक ओळ घ्या. एक जरी जनावर तुमच्या वस्तूंनी आजारी पडलं, तर बंद."

"आणि नाही पडलं तर?"

"तर बघू."

"बघू नाही. तर सगळ्या ओळी."

आणि नेमकं जनावर आजारी पडलं. एका दांडग्या काळ्या कुत्र्याने टॉवेलची गाठच्या गाठ गिळली. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून ती काढली. कुत्रा वाचला. कात्री दवाखान्याच्या दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. चिटणीस आले तेव्हा तीच आधी बोलली.

"चूक माझी. फाडून गिळणाऱ्याला कापड द्यायचं नसतं, ते मी बघायला हवं होतं. यापुढे कोणाला काय द्यायचं ते डॉक्टरीणबाईंना विचारूनच देईन. पण बंद करणार नाही."

"ठरलं काय होतं आपलं?"

"ठरलं होतं. मी मोडतेय. हाकला मला, उद्या स्टूल घेऊन येते. साथ आली तेव्हा तुम्ही निवारा बंद केलात का? नाही ना? सुधारलात. मलाही सुधारू द्या."

चिटणिसांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या हातमोजे उतरवत म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. मी तर कधीपासून हेच सांगतेय." चिटणिसांनी हात टेकले.

सगळ्या ओळी मिळायला पुढे बरीच भांडणं झाली. गरगऱ्याला कोणी घरी नेलं नाही. वय झालेला, कान फाटका, कोण नेणार? संध्याकाळी माणसं निघून गेली की तो अजूनही दोनचार फेऱ्या मारतो. पण पंजे बरे झालेत आणि सकाळी कात्रीच्या बुटांचा आवाज आला की खोक्यासाठी दारावर धडका देतो.

हल्ली तिने मांजरांचा विषय काढलाय. त्यांना खिडकीपर्यंत चढायला भिंतीवर फळ्या हव्यात.

"भिंतीला भोकं पाडायची नाहीत," चिटणीस परवा निक्षून म्हणाले. "परवानगी नाही."

"बरं," कात्री म्हणाली आणि फळ्या घेऊन मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐकलंत ना? आवरा पटापट. ड्रिल द्या इकडे."