पानी आलं की धुतो

आधी त्या सिस्टरचं सांगते, कारण तिच्यामुळेच अकोल्यातली माझी नोकरी टिकली. मूर्तिजापूरची, पन्नाशीतली, चिडकी बाई. सफाईवाली म्हणून सगळा दवाखाना मला विशीतच ‘मावशी’ म्हणायचा. ती एकटी ‘पोरी’ म्हणायची.

मी वरूडकडची. आठवीत शाळा सुटली, संत्री निवडायच्या कामाला लागले, नि तिथून इकडे, ओळखीचं कोणी नसलेल्या गावात. हे काम गेलं तर काय, ही धास्ती सकाळी उठल्यापासून असायची.

दवाखान्यात हात धुण्याची तपासणी येणार होती. आम्हाला बोटं कशी चोळायची ते शिकवलं, बेसिनवर चित्रं चिकटवली, साबणाच्या नव्या बाटल्या ठेवल्या. आमच्या मजल्यावरच्या नळाला मात्र दुपारनंतर पाणी नसायचं. त्यावर कोणी बोललं नाही. शिकवणीही कोरड्या हातांनीच झाली. कोणाची जखम चिघळली, तर डॉक्टर त्या पेशंटलाच रागवायचे, घरी काळजी घेत नाही म्हणून.

तपासणीच्या बाईंनी नेमकं मलाच विचारलं, हात केव्हा धुता? पेशंटला हात लावायच्या आधी, लावल्यावर, असं पाठ केलं होतं. भीतीनं सगळं विसरले. तोंडातून निघालं, “पानी आलं की धुतो.”

सोबतचे डॉक्टर हसले. बाईंनी तेवढं लिहून घेतलं. त्या गेल्यावर मॅनेजरनं वॉर्डात सगळ्यांसमोर मला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

सिस्टरनं हातातला ट्रे खाली ठेवला. “तिनं लबाड काय सांगतलं, साहेब? नळ सोडून पाहा. दुपारपासून याच हातानं जखमा बांधून राहिली मी.”

खाटांवरचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, सगळे ऐकत होते. आता मला काढणं मॅनेजरला जमेना. तपासणीत दवाखाना पास झाला. नळ तसाच राहिला. महिन्याभरात सिस्टरलाच सांगितलं, तुमची गरज नाही. मी मॅनेजरकडे जायला निघाले, तर तिनं हात धरला. “तू गप राह्य, पोरी. तुले इथं कोनी नाही.”

ती आता अमरावतीच्या एका दवाखान्यात रात्रपाळी करते म्हणतात. सफाईवालीच्या शब्दाला किती वजन असतं, ते मला माहीत आहे. तरी तिथं तिच्या नोकरीवर कोणी बोट ठेवलं, तर मी अमरावतीला जाईन, त्या साहेबासमोर उभी राहीन नि तिच्या बाजूनं बोलेन. तिनं गप राह्य म्हटलं तरी.