मशीन एकच, मजुरी दोन

किन्हीराजाजवळच्या डाळ मिलमधी आमचे हे आणि मी एकाच मशीनवर होतो. नळीखाली पोतं लावायचं, काट्यावर घ्यायचं, तोंड शिवायचं. कधी हे शिवत, कधी मी. नवरा-बायको जोडीनं कामाले असले का दोघायची मजुरी नवऱ्याच्या हाती द्यायची, अशी तिथली रीत. त्यात माही किती, हे विचारायचं मले कधी सुचलंच नाही.

मंग हे तापानं पडले. यायच्या जागी गावातला दुसरा गडी आला. शनिवारी मालकानं त्याले दिले त्याच्या अर्धेच माह्या हातावर ठेवले. विचारलं तं म्हणे, बाईचा रेट असाच असते. अंगाचा नुसता तिळपापड झाला माहा. घरी येऊन यायले सांगतलं, तं यायनं तोंड भिंतीकडं फिरवलं. म्हणजे यायले ठाऊक होतं! वरून म्हणे, चूप राह्य, दोघायचंबी काम जाईन.

माहेरी जातो म्हणून मी वाशीमले गेली. कोर्टात बायकायले फुकट सल्ला देणारी वकीलबाई बसते. तिनं नीट समजावलं. काम सारखं असन तं मजुरी सारखीच द्या लागते, तसा कायदा हाये. कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज करा, तो येऊन काम पाहीन. मले धाक दुसराच होता. माही वाढवायच्या ऐवजी यायची कमी केली तं? बाई म्हणाली, कायद्यानं तसं करता येत नाही. कायद्यानं नसन येत, पण उद्यापासून येऊ नका म्हणायले मालकाले कितीक वेळ लागते?

तरी अर्ज केला. त्या दिवसापासून मिलच्या फाटकात गाडी वाजली का मान आपोआप तिकडं वळे. ताप उतरून हे परत मशीनवर आले, पण माह्याशी बोलणंच टाकलं.

एक दिवस अधिकारी आलाच. मालक त्याच्या बाजूले उभा. मशीनसमोर त्यानं मले विचारलं, बाई, तुम्ही इथं काय काम करता? सोयरेधायरे विचारतात तवा जे सांगतो, तेच तोंडातून निघालं.

“मी यायले मदत करतो.”

मालक हसला. अधिकारी लिहाले लागला. काय बोलून बसली मी! नवऱ्याच्या बरोबरीनं करतो, असं चारचौघात म्हणायची आमच्यात चालच नाही, पण ते साहेबाले कोण सांगन?

यायनं हातातलं शिवायचं मशीन खाली ठेवलं.

“मदत नाही, साहेब. भेऊन तसं बोलून राह्यली. मी करतो तेच काम करते, तेवढंच करते. मले पहिल्यापासून ठाऊक हाये.”

अधिकाऱ्यानं लिहिलेलं खोडलं. मालक आता माह्याकडं नाही, यायच्याकडं पाहून राह्यला होता. मले रडू आलं. इतकं बरं आजवर वाटलं नव्हतं, आणि इतकं भेवबी.