यशोधराचा रविवार

डॉक्टर यशोधरा तायडे हिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत ढिगाने सापडतील. त्यात माझी भर नको. मी आठ वर्षं तिच्या शेजारच्या केबिनमध्ये बसते आणि आठही वर्षं माझ्या पोटात दुखत आलंय. स्वतः डॉक्टर असून त्यावर औषध मिळालेलं नाही.

आमचं क्लिनिक उल्हासनगरच्या कॅम्प ४मध्ये, पहिल्या मजल्यावर. आधी ते एका सिंधी डॉक्टरांचं होतं. ते थकले, मुलं परदेशात, तेव्हा त्यांनी ते एका कंपनीला विकून टाकलं. कंपनीने फरशी बदलली, एसी लावला आणि नंबरासाठी टोकनचं मशीन आणलं. मशीनला कुणी हातसुद्धा लावला नाही. इथली माणसं सकाळी सातला येतात, डॉक्टरच्या दाराशी चपला रांगेत लावतात आणि घरी जाऊन चहा-आंघोळ उरकून येतात. त्यासाठी प्रत्येक घरात एक जुना जोड खास राखून ठेवलेला असतो. चप्पल जिथे, नंबर तिथे, आणि दुसऱ्याची चप्पल कुणी सरकवत नाही.

माझ्या दाराशी दहा-बारा जोड असतात. यशोधराची रांग जिना उतरून खालच्या जीन्स शिवणाऱ्याच्या गाळ्यापर्यंत जाते. आमची रिसेप्शनिस्ट सोनिया मला रोज तोंड भरून सांगायची, "मॅडम, आज यशोधरा मॅडमकी लाइन तो एकदम जीन्सवाल्यापर्यंत गेली!" मी 'अरे वा' म्हणायचे. मनात म्हणायचे, जाऊ दे की शहाडपर्यंत, मला काय त्याचं. पण जिना चढताना दोन्ही रांगांतले जोड मोजल्याशिवाय मला राहवायचं नाही.

ती अंबरनाथची. वडील शंकरराव कारखान्यात फिटर होते, आई लवकर गेली. दोन खोल्यांच्या घरात राहून पोरीने सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं, तेही पहिल्या झटक्यात. माझ्याकडे वडील डॉक्टर, काका डॉक्टर, आणि माझी सीट वडिलांनी डोनेशन भरून घेतलेली. असं असून ती नवीन आली तेव्हा 'कोट्यातून आलेली असेल' असं कुजकं वाक्य मी सोनियासमोर बोलले होते. पुढे कळलं, तिचे बारावीचे मार्क माझ्यापेक्षा चांगले चौदा टक्क्यांनी जास्त होते. तेव्हापासून तर ती मला जास्तच खुपायला लागली.

बरं, करते काय ही एवढं? स्टूल ओढून पेशंटच्या जवळ बसते. नाडी बघताना त्याच्या सुनेची चौकशी करते. तपासण्या अगदी मोजक्या लिहिते. माझ्याकडे सहा महिने गोळ्या खाऊन वैतागलेला मिठाईवाला एकदा चुकून तिच्या रांगेत बसला आणि पंधरा दिवसांनी मलाच बुंदी देऊन गेला, "आपकी छोटी बहन ने ठीक कर दिया" म्हणून. ती बुंदी मी सोनियाला देऊन टाकली.

आणि हीच यशोधरा मला ताई म्हणायची. घरभाड्याचा करार, विम्याचा फॉर्म, बँकेचं पत्र, सगळं माझ्याकडे आणायची. माझे यजमान विमा कंपनीत आहेत, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची मला सवय. "ताई, तू एकदा नजरेखालून घाल, मग मी सही करते." मला त्याचाही रागच यायचा. मनात हेवा घेऊन बसलेल्या बाईवर कुणी इतका विश्वास टाकू नये.

गेल्या दिवाळीनंतर कंपनीचा एरिया मॅनेजर करण निळी फाइल घेऊन आला. कंपनी प्रत्येक शाखेतल्या एका डॉक्टरला भागीदार करून घेणार होती. नफ्यात वाटा, दारावर नाव, पाच वर्षांचा करार. मला इथे चौदा वर्षं झालेली. मी केस सारखे केले आणि खुर्चीत ताठ बसले. करण माझ्या दारातून डोकावला आणि अदबीने म्हणाला, "अनुया मॅडम, यशोधरा मॅडमचे पेशंट संपले का?"

त्या संध्याकाळी ती फाइल घेऊन माझ्यासमोर बसली. चेहरा उतरलेला. माझी जागा तिला मिळत होती आणि वर तोंड पाडून बसायची चैनही तिलाच.

"ताई, मला सुचत नाहीये काही. नाही म्हटलं तर उद्या दुसऱ्या कुणाला तरी आणून माझ्या डोक्यावर बसवतील. आणि तो रोज विचारेल, रक्ताच्या तपासण्या इतक्या कमी का. भागीदार झाले तर ते तरी माझ्या हातात राहील."

"मग घे की."

"पण मग मी कंपनीची होईन ना? बाबा म्हणतात वकिलाला दाखव. मी म्हटलं, ताई आहे ना. तू वाच. तुला काही खटकलं तर मी सरळ नाही म्हणून सांगेन."

फाइल मी बदलापूरला, कात्रपच्या घरी नेली आणि जेवणाचं टेबल पुसून वाचायला बसले. खरं सांगते, खोट काढायच्या इराद्यानेच बसले होते. एखादी अट दाखवायची, तिला घाबरवायचं, तिने नाही म्हणायचं आणि फाइल आपसूक माझ्याकडे यायची. सोळा पानं काही मिळालं नाही. सतराव्या पानावर मिळालं. भागीदार डॉक्टर करार संपेपर्यंत मोबदला घेऊन किंवा न घेता इतर कुठेही रुग्ण तपासणार नाही.

'न घेता' या शब्दांवर माझं बोट थांबलं. यशोधरा दर रविवारी अंबरनाथच्या बुद्धविहारात बसते. वंदना झाली की दोन तास, फुकट. मी एकदा गेले होते बघायला. सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं, शंकरराव वहीत नावं लिहितायत, आणि ही प्लास्टिकच्या खुर्चीत. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून आलेल्या एका म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पदराच्या गाठीतून चार करवंदं काढून दिली. मला आयुष्यात कुणी असं काही दिलेलं नाही. चपलांची रांग सोसली होती मी, पण ती करवंदं नाही सोसली.

आता नुसतं ते पान दाखवायचं होतं. तिने त्याच क्षणी फाइल परत केली असती. पण मग पुढचं दिसायला लागलं. विहारासाठी भागीदारी नाकारली म्हणून कॅम्प ४पासून कात्रपपर्यंत तिचं कौतुक होणार. आणि मी काय? तिने नाकारलेलं उचलणारी. तिचं उष्टं माझ्या ताटात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यापेक्षा घेऊ दे भागीदारी, म्हटलं, आणि जाऊ दे तिचा रविवार. एकदा तरी तिचं काहीतरी कमी होऊ दे.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ताई, काही खटकलं?"

"नाही. घे तू."

"सगळं वाचलंस ना?"

"पानन् पान."

तिने माझ्या टेबलावरच सही केली, माझ्याच पेनाने. मग वाकून नमस्कार करायला गेली. मी पाय मागे घेतले, तर तिला वाटलं मला संकोच झाला.

तीन महिने सुरळीत गेले. दारावर नाव आलं. अमुक इतक्या तपासण्या लिहायलाच हव्यात हे कंपनीचं बंधन तिने खरंच सैल केलं, माझ्यासाठीसुद्धा. मग कुणीतरी विहारातल्या तपासणीचा फोटो हौसेने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि तो फिरत फिरत करणपर्यंत गेला. तो बिचारा वाईट नाही. त्याने वर विचारून पाहिलं, पण नियम म्हणजे नियम. पुन्हा बसलात तर करारभंग, आणि करार पाच वर्षं मोडता येत नाही.

पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. मी मनाची तयारी केली होती. ओरडेल, म्हटलं, फाइल तोंडावर फेकेल. तेवढं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, बघ ना, तुझ्याही नजरेतून सुटलं. म्हणजे किती बारीक लिहिलेलं असेल. चूक माझीच, मी स्वतः वाचायला हवं होतं."

मी म्हटलं, "हो ना. फारच बारीक होतं." आणि पाण्याची बाटली शोधायला लागले.

"एक काम करशील?" ती म्हणाली. "पगारी डॉक्टरांना ही अट नाही. मी विचारलं करणला. रविवारी माझ्याऐवजी तू बसशील? दोनच तास. दुसऱ्या कुणाला सांगायचा धीर होत नाही गं."

मी गेले. न जाऊन करते काय? वंदना संपली आणि माणसं सतरंजीवर सरकून बसली. प्रत्येकाची नजर माझ्या मागच्या दाराकडे. "आमच्या मॅडम बऱ्या हाय ना?" एकीने विचारलं. "कधी येनार?" दुसरीने विचारलं. जिची खुर्ची मी घालवली होती तिच्याच खुर्चीत बसून मला त्या घटकेलासुद्धा तिचा हेवा वाटला. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

लोकांची भीड चेपावी म्हणून शंकरराव पहिले माझ्यासमोर बसले. बाही वर केली. मी बीपीचा पट्टा गुंडाळला, फुगा दाबायला घेतला.

"वकिलाला दाखव म्हटलं, तर माझ्यावर रागावली होती," ते हसत म्हणाले. "म्हणे, बाबा, ताईने वाचलंय म्हणजे वाचलंय. राहू द्या. होतं असं. पण मॅडम, तुमच्यासारख्यांच्या नजरेतून कसं काय सुटलं हो?"

त्यात टोमणा नव्हता. म्हाताऱ्याला खरंच कळत नव्हतं. बारीक अक्षरं म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

"सुटलं नव्हतं," मी म्हटलं. "मी वाचलं होतं. सांगितलं नाही."

फुग्यातली हवा निघून गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टा आपल्या हाताने सोडला, माझ्यासमोर ठेवला, बाही खाली केली, बटण लावलं. मला वाटलं, आता उठा म्हणतील. मी पर्ससुद्धा जवळ ओढली. त्यांनी सतरंजीवरच्या माणसांकडे एकदा नजर टाकली, वही उघडली आणि पुढचं नाव पुकारलं.

"गंगू आजी, या, बसा इथे. डॉक्टर हुशार आहेत. हात पुढे करा."

त्या दिवशी मी तेवीस जणांना तपासलं. यशोधराला त्यांनी काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ती अजून ताईच म्हणते. मी दर रविवारी जाते. शंकरराव नावं लिहितात, खुर्ची मांडतात, चहा पाठवतात. स्वतःचा हात मात्र त्यांनी पुन्हा माझ्यापुढे केलेला नाही.